तुला कोणाकडे राहायचंय?

पाहुणे आले की घरातल्या लहानग्याला एक प्रश्न हटकून विचारला जातो : "तुला आई जास्त आवडते की बाबा?" आईच्या मांडीवर असेल तर मूल "आई" म्हणतं, बाबांनी नुकतंच चॉकलेट दिलं असेल तर "बाबा" म्हणतं, आणि जरा चलाख असेल तर "दोघं" म्हणून मोकळं होतं. सगळे हसतात, विषय संपतो. मूल मात्र त्यातून एक गोष्ट शिकलेलं असतं. मोठी माणसं प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना माहिती हवी असतेच असं नाही. पुष्कळदा त्यांना ठरावीक उत्तर हवं असतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतं.

आई-वडील वेगळे झाले आणि मुलाच्या ताब्याचा अर्ज कोर्टात गेला की हाच प्रश्न गंभीर चेहऱ्याने परत येतो. विचारणारे आता न्यायाधीश असतात, विवाह समुपदेशक असतात, आणि त्यांच्याआधी घरी आजी, मामा, आत्या, वकीलसाहेब असे सगळे विचारून झालेले असतात. मूल पुन्हा चेहरे वाचू लागतं.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. आपल्याकडे ताब्याच्या दाव्यांचा आधार अजूनही 1890 चा पालक व पाल्य कायदा आहे. त्याच्या कलम 17 मध्ये म्हटलं आहे की मूल समजून-उमजून पसंती ठरवण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. 'घेऊ शकतं', घेतलीच पाहिजे असं नाही. किती वर्षांचं मूल म्हणजे 'इतकं मोठं', हे कायदा सांगत नाही. ते न्यायाधीशांनी त्या-त्या मुलाशी बोलून ठरवायचं. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याने मुलाचं कल्याण सर्वांत वर ठेवलं, आणि पाच वर्षांपर्यंतचं मूल सामान्यतः आईकडे असावं असंही म्हटलं. पुढे 1992 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलाचा हक्क त्याच्या बाराव्या कलमात आहे, आणि त्या मताला वय आणि समज पाहून वजन द्यावं असंही तिथेच लिहिलं आहे. हे नीट वाचायला हवं. हक्क मत मांडण्याचा आहे. आई-वडिलांपैकी एकाला निवडण्याची जबाबदारी मुलावर टाकावी, असं यात कुठेही नाही. माझ्या मते ताब्याच्या कामातल्या निम्म्या चुका हे दोन एकच समजल्यामुळे होतात.

1984 च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आली. वांद्रे-कुर्ला संकुलातलं मुंबईचं कोर्ट असो की पुण्याचं, महाराष्ट्रात या कोर्टांना विवाह समुपदेशक जोडलेले असतात. या कायद्यात कामकाज बंद दाराआड चालवण्याची सोय आहे, तज्ज्ञांची मदत घेण्याची सोय आहे, साक्षीपुराव्याचे नियमही सैल केले आहेत. त्यामुळे मुलाला पिंजऱ्यात उभं करून त्याची उलटतपासणी घेण्याची वेळ सहसा येत नाही. न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावतात, किंवा समुपदेशकाला त्याच्याशी बोलून अहवाल द्यायला सांगतात. कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण चेंबरमध्ये दहा मिनिटांत काय आणि कसं विचारायचं, हे या कायद्यात नाही. ते कौशल्याचं काम आहे, आणि त्याची पाळंमुळं कायद्यापेक्षा मानसशास्त्रात जास्त सापडतात.

या अभ्यासाची सुरुवात शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची. बेल्जियममध्ये 1910 साली एका मुलीचा खून झाला आणि खटला तिच्या छोट्या मैत्रिणींच्या जबाबांवर उभा राहिला. बचाव पक्षाने व्हॅरेनडॉन्क नावाच्या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं. त्याने शाळेत एक साधा प्रयोग केला : सात वर्षांच्या मुलांना त्यांच्या ओळखीच्या एका मास्तरांच्या दाढीचा रंग विचारला. अठरापैकी सोळा मुलांनी रंग सांगितला. मास्तरांना दाढीच नव्हती.

त्यावरून व्हॅरेनडॉन्कने मुलं साक्षीला नालायक असल्याचा निष्कर्ष काढला, आणि पुढची अनेक दशकं तोच समज टिकला. पण त्याच्या प्रयोगातली खरी गोम प्रश्नात होती. दाढीचा रंग विचारला की दाढी आहे हे विचारणाऱ्यानेच सांगून टाकलेलं असतं. 1980 साली ह्यूज आणि ग्रीव्ह या दोघा मानसशास्त्रज्ञांनी पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम वेडगळ प्रश्न विचारले : दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? जवळजवळ सगळ्या मुलांनी उत्तरं दिली, काहींनी कारणंही दिली. मोठ्या माणसाने विचारलंय म्हणजे त्याला काही तरी उत्तर असणारच, हा मुलांचा हिशेब. त्यांच्या अनुभवात तो बरोबरही असतो, कारण शाळेत बाई जे विचारतात त्याचं उत्तर बाईंना आधीच ठाऊक असतं.

ताब्याच्या दाव्यांशी सर्वांत जवळचा प्रयोग मात्र अमेरिकेतला आहे. मिशेल लीक्टमन आणि स्टीफन सेसी यांनी तो 1995 मध्ये प्रसिद्ध केला. एका बालवाडीत सॅम स्टोन नावाचा पाहुणा आला, दोनेक मिनिटं वर्गात फिरला, मुलांना हाय-बाय केलं आणि गेला. त्याने कशालाही हात लावला नाही. पण काही मुलांना तो येण्याआधी कित्येक आठवडे त्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या : सॅम फार वेंधळा, त्याने हे मोडलं, ते पाडलं. आणि तो येऊन गेल्यावर त्यांना पुन्हा पुन्हा सूचक प्रश्न विचारले गेले, की सॅमने ते खेळण्यातलं अस्वल मुद्दाम खराब केलं की चुकून? शेवटी वेगळ्याच व्यक्तीने चौकशी केली तेव्हा या गटातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी 72 टक्क्यांनी सांगितलं की सॅमने पुस्तक फाडलं किंवा अस्वल खराब केलं. "तू खरंच डोळ्यांनी पाहिलंस?" असं हळूच खोदून विचारल्यावरही 21 टक्के मुलं ठाम राहिली. या मुलाखतींची चित्रफीत तज्ज्ञांना दाखवली, तर खरं बोलणारं मूल कोणतं हे त्यांनाही ओळखता आलं नाही.

आता सॅमच्या जागी बाबा ठेवा, किंवा आई. "तुझा बाप असाच आहे", "तुझ्या आईला तुझी पडलेली नाही" अशी वाक्यं महिनोन्‌महिने कानांवर पडतात, शनिवारी भेट होते, रविवारी विचारलं जातं, "ओरडला का तुझ्यावर? काय म्हणाला?" प्रयोगाची सगळी सामग्री घरात तयार असते, आणि तीही कुणी मुद्दाम कट न करता. बहुतेक वेळा पढवणारं माणूस स्वतःच दुखावलेलं असतं आणि आपण मुलाची काळजी घेतोय असंच त्याला वाटत असतं.

याच प्रयोगाची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते. ज्या मुलांना आधी काही सांगितलं नव्हतं आणि नंतर आडवळणाचं विचारलं नव्हतं, त्यांनी सॅमबद्दल खोटं जवळजवळ सांगितलंच नाही. तीन वर्षांचं मूलसुद्धा जे घडलं ते सांगू शकतं. थोडं सांगतं, तुटक सांगतं, पण खरं सांगतं. ते बिघडवायला मोठी माणसं लागतात.

म्हणून गेल्या तीस-चाळीस वर्षांत भर मुलांची परीक्षा घेण्यापेक्षा विचारणाऱ्याच्या शिस्तीवर आला. मायकेल लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत मुलाखतीची जी पद्धत बसवली, ती अत्याचाराच्या तपासासाठी होती; ताब्याच्या कामासाठी नव्हे. तरीही तिचा गाभा इथे तंतोतंत लागू पडतो. आधी ओळख आणि चार नियम, मग सरावाच्या गप्पा, मग मोकळे प्रश्न, आणि नेमके प्रश्न अगदी शेवटी, तेही गरज पडली तरच.

नियम असे : मी तुझ्या घरी नव्हते, त्यामुळे तिथलं मला काही माहीत नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, अंदाज करायचा नाही. प्रश्न कळला नाही तर सांगायचं. आणि मी चुकले तर मला चूक दाखवायची. हा शेवटचा नियम आपल्याकडे सर्वांत अवघड जातो. मोठ्यांना उलट बोलू नये हे मुलांच्या अंगी इतकं मुरलेलं असतं की नुसतं सांगून भागत नाही, सराव घ्यावा लागतो. "मी म्हटलं, तुझं नाव गणपत आहे, तर काय म्हणशील?" मूल आधी गोंधळतं, मग हसतं, मग म्हणतं, "नाही, चुकलं." तिथे चुकूनही "शहाणी गं" म्हणू नये. "बरं झालं सांगितलंस, असंच सांगत जा" एवढं पुरे.

मग सराव. गेला वाढदिवस, गणपतीत काय केलं, शाळेची सहल, कशाबद्दलही. फक्त भांडणाशी संबंध नको. "पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांग" असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. यात दोन कामं होतात. मुलाला कळतं की इथे एका शब्दात उत्तर देऊन सुटका नाही. आणि विचारणाऱ्याला कळतं की हे मूल एरवी किती आणि कसं बोलतं. वाढदिवसाबद्दल पाच मिनिटं रंगून बोलणारं मूल आईचं नाव निघताच एकाच वाक्यावर येत असेल, तर ती नोंद महत्त्वाची.

आता एक संवाद पाहू. तो मी रचलेला आहे. कोणत्याही खऱ्या मुलीचा नाही. सात वर्षांची मुलगी वडिलांकडे, आजीच्या घरी राहते. आई दर शनिवारी भेटते. आधी नेहमीची पद्धत :

"मम्मीला भेटायला आवडतं का तुला?"
"नाही."
"का नाही आवडत?"
"मज्जा नाही येत."
"मग पप्पांकडेच राहायचंय ना?"
"हो."

अहवाल तयार. मुलीची पसंती स्पष्ट, कारणही दिलं. आता तीच मुलगी, दुसरी पद्धत :

"शनिवारी काय काय होतं, ते मला सगळं सांग."
"शनिवारी मम्मी येते ना. मी खिडकीत बसते आधीच. आजी म्हणते, आत ये, पडशील."
"मग?"
"मग आम्ही बागेत जातो. ती डब्यात शंकरपाळे आणते. मग घरी. मग पप्पा बोलत नाहीत."
"पप्पा बोलत नाहीत, त्याबद्दल अजून सांग."
"टीव्ही बघतात. जेवेपर्यंत. मग मी सांगते, मला मज्जा नाही आली. मग बोलतात."

'मज्जा नाही येत' हे वाक्य दोन्हीकडे आहे. पहिल्या संवादात ते पुरावा म्हणून आलं. दुसऱ्यात ते कशासाठी तयार झालं ते कळलं. आणि दुसऱ्या संवादात विचारणाऱ्याने स्वतःचा एकही शब्द घातलेला नाही. 'पप्पा बोलत नाहीत' हे मुलीचं, तेच तिला परत दिलं.

अर्थात यावरून वडील दुष्ट आहेत असं ठरत नाही. माणूस शनिवारी संध्याकाळी उदास असू शकतो, आणि मुलगी त्याचा मूड आपल्या परीने सांभाळत असू शकते. चांगला समुपदेशक इथे थांबतो, मनात दोन-तीन शक्यता धरतो आणि त्या पडताळायला आई-वडील, आजी, शाळेच्या बाई यांच्याशी बोलतो. एकाच भेटीवर विसंबत नाही. एका भेटीला आई मुलाला घेऊन येईल, दुसरीला वडील, अशी व्यवस्था करतो. कारण ज्याच्या रिक्षातून मूल आलं आणि ज्याच्याबरोबर परत जायचंय, त्याची सावली उत्तरांवर पडतेच.

काही प्रश्न टाळावेत. "का?" हा मुलाला जाब विचारल्यासारखा वाटतो. "किती वेळा मारलं?" याचं उत्तर सात-आठ वर्षांखालच्या मुलाकडे बहुधा नसतं, आणि लहान मुलाचा 'काल' म्हणजे आजच्या आधीचा कुठलाही दिवस असू शकतो. अशा उत्तरांवर वकिलांनी अर्धा तास युक्तिवाद करावा ही नुसती वेळेची नासाडी. हो-नाहीचा प्रश्न पुन्हा विचारू नये, कारण पहिलं उत्तर चुकलं असं समजून मूल ते बदलतं. "हो ना?" हे शेपूट तर जिभेवरून उतरवायलाच हवं. चित्रं काढायला द्यावीत, हात गुंतला की मूल मोकळं होतं. पण घर काळ्या खडूने रंगवलं म्हणून घरात अंधार आहे असं अहवालात लिहिणाऱ्यांना मी हात जोडते. खडूच्या डब्यात अनेकदा तोच एक धड उरलेला असतो.

पढवलेलं मूल ओळखायचं कसं, हा प्रश्न समुपदेशकांच्या प्रत्येक शिबिरात येतो. 'मानसिक छळ', 'बेजबाबदार', 'पोटगी' असे शब्द सात वर्षांच्या तोंडी आले की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. टवकारावेत, पण लगेच शिक्का मारू नये. मुलं भिंतीपलीकडचं सगळं ऐकतात, आणि खऱ्या अनुभवालाही मोठ्यांचे शब्द चिकटतात. त्यापेक्षा उपयोगी पडतं ते त्या शब्दामागे जाणं : "बेजबाबदार म्हणालास, त्याबद्दल सांग." अनुभव असेल तर मागे तपशील येतात. शाळेत घ्यायला आले नाहीत, वॉचमनकाकांजवळ बसावं लागलं, पाऊस होता. अनुभव नसेल तर तेच वाक्य पुन्हा येतं. ही कसोटीही अचूक नाही. भेदरलेलं मूलसुद्धा तपशील देत नाही.

आपलं सर्वोच्च न्यायालयही मुलाचा शब्द जसाच्या तसा घेत नाही. 2017 च्या एका निकालात मुलीने वडिलांकडे राहायचं सांगितलं होतं, तरी ताबा आईकडे गेला. कारण मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून वडिलांकडेच वाढली होती; आईचा सहवास तिला मिळालाच नव्हता, तर तुलना कशाशी करणार? या निकालात एका पालकाने दुसऱ्याबद्दल मुलाचं मन फिरवण्याचा उल्लेख आला आणि तेव्हापासून तो मुद्दा अर्जांत सर्रास दिसतो. तो जपून वापरायला हवा. मूल एखाद्या पालकाला नाकारतं त्यामागे पढवणं असू शकतं. त्या पालकाची खरी भीतीही असू शकते. आधी भीतीची बाजू तपासावी, मग दुसरी. उलट क्रमाने गेलं तर मार खाणारं मूल मारणाऱ्याच्याच हवाली होऊ शकतं.

आणि मुलाखतीत खरोखरच काही निघालं तर? लैंगिक अत्याचाराची गोष्ट मुलाच्या तोंडून आली, तर ती खणत बसणं हे ताब्याच्या समुपदेशकाचं काम नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार अशी माहिती कळलेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. न कळवणं हा गुन्हा आहे. मूल आपणहून बोलेल तेवढं ऐकावं, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं, आणि पुढची चौकशी त्या कामाच्या माणसांवर सोडावी. इथे उत्साहाने विचारलेले दहा प्रश्न पुढे फौजदारी खटल्यात मुलाच्याच अंगावर येतात.

गुप्ततेबद्दल मुलाशी खोटं बोलू नये. "हे आपल्या दोघांतच राहील" असं म्हणणं सोपं असतं. पण अहवाल कोर्टात जातो आणि पक्षकारांच्या हातीही पडू शकतो. मध्यस्थीतल्या गोष्टींना गुप्ततेचं जे संरक्षण असतं, ते ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाच्या अहवालाला तसंच लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगावं : तू सांगशील ते मी जज मॅडमना कळवणार आहे, आई-बाबांपर्यंत जाऊ नये असं काही असेल तर मला सांग, मी मॅडमना तशी विनंती करेन, पण वचन देऊ शकत नाही. ठरवणार त्या आहेत, तू नाहीस. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मोकळेपणाने बोलू लागणारी मुलं अनेक असतात.

अहवालात मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहावं, आणि त्याच्या आधी कोणता प्रश्न विचारला होता तोही लिहावा. 'मुलाने वडिलांकडे राहण्याची इच्छा व्यक्त केली' या वाक्यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'राहायचंय ना?' विचारल्यावर 'हो' आलं, की शनिवारबद्दल बोलता बोलता ते आपणहून आलं, यावर सगळं अवलंबून असतं.

राहता राहिला निकाल. तो मुलाला कोणी सांगायचा, याबद्दल 1890 च्या कायद्यात अवाक्षर नाही. मग ज्याच्या बाजूने लागला तो आपल्या पद्धतीने सांगतो आणि ज्याच्या विरुद्ध गेला तो आपल्या पद्धतीने, आणि दोन्हीकडून मुलाला हेच ऐकू येतं की तुझ्यामुळे झालं. ज्या समुपदेशकाशी मूल बोललं, त्यानेच पाच मिनिटं काढून ते सांगावं. मुलांचे प्रश्न तेव्हा फार व्यवहारी असतात : सायकल कुठल्या घरी राहणार, क्लास बदलणार का, दिवाळीत किल्ला कुठे करायचा. त्यांची उत्तरं आदेशात नसतील, तर आई-वडिलांना समोर बसवून ती तिथल्या तिथे लिहून घ्यावीत आणि त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.